पुढचा आकडा

छातीला स्टेथोस्कोप लावला की ताई सांगायची, "म्हणा, एक, एक, एक." आवाज आतून कसा घुमतो त्यावरून फुप्फुस कुठं भरलंय ते कळतं. सगळेच डॉक्टर हे करतात, पण तिचा धाकटा भाऊ त्यावरून तिला छळायचा. "एवढी शिकलीस आणि अजून एकावरच अडकलीस!"

या भावाला सगळे पोपट म्हणत, कारण त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. ताईनं त्याला वाढवलं, आणि जिना चढवता चढवता आकडे शिकवले. ती म्हणायची "एक", तो म्हणायचा "दोन". ती खोड त्याला जन्माची चिकटली. कुणीही कुठंही आकडा उच्चारला की पुढचा आकडा याच्या तोंडून निसटलाच म्हणून समजा. एकदा बँकेत कॅशियर नोटा मोजत असताना हा मध्येच बोलला आणि मार खाता खाता वाचला.

गाव कोरडं. पाऊस यायचा तो हजेरी लावल्यासारखा. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. गावाबाहेरच्या माळावर पाण्याच्या मोठ्या टाकीसाठी खड्डा खणत होते आणि पोपट तिथंच कामाला होता. मुकादम, खोदायच्या यंत्रावरचा ऑपरेटर, मिस्त्री आणि पाइपानं पाणी मारून धूळ बसवणारा पोपट, असे चौघे रोज खाली उतरायचे. वर आल्यावर कडेला उभं राहून आपापला आकडा मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे खाली कुणी राहिलं नाही याची खात्री, असा मुकादमाचा दंडक होता. मुकादम एक, ऑपरेटर दोन, मिस्त्री तीन, पोपट चार.

"माझ्यापुढं कुणीच नाही गं," तो कुरकुरायचा. "रोज 'पाच' गिळून घरी येतो मी."

एक दिवस तो धुळीनं लाल झालेल्या डोळ्यांनी घरी आला. खड्ड्याच्या तळाशी पांढरट, पिठासारख्या मातीचा थर लागला होता. पंप नेमका बंद होता, आणि थर फुटताच एवढी धूळ उठली की कुणाला कुणी दिसेना. चौघेही खोकत, ठेचकाळत वर आले ते थेट सावलीला पळाले.

"आकडे म्हणायचे राहिले," जेवताना पोपट म्हणाला. "चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय."

"आंघोळ कर आधी," ताई म्हणाली.

पुढं काही आठवड्यांनी मुकादम ताईच्या दवाखान्यात भरती झाला. ताप, कोरडा खोकला, अंगावरचे कपडे लोंबायला लागलेले. आधी सगळ्यांना क्षयाचीच शंका आली, पण तपासण्यांत क्षय निघाला नाही. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात सुपारीएवढा गोल डाग होता, आणि थुंकीत बुरशी सापडली. ताईला त्याचं नवल वाटलं नाही. कोरड्या मुलखात ही बुरशी मातीत निजून असते, खणलं की धुळीबरोबर उठते आणि श्वासावाटे आत जाते. माणसापासून माणसाला ती होत नाही. हे तिनं मुकादमाच्या बायकोला पुन्हा पुन्हा समजावलं, तेव्हा कुठं ती त्याच्या कॉटवर बसली.

ताईनं त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. "म्हणा."

"एक, एक, एक," मुकादम म्हणाला आणि थांबला.

"एक," छातीतून आलं.

ताईनं वर पाहिलं. मुकादमाचे ओठ मिटलेले होते. आपलेच कान वाजले असतील, असं म्हणून तिनं गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांचा काडीचा उपयोग होईना. मुकादम दिवसेंदिवस खंगत चालला. मग ऑपरेटर भरती झाला. तोच ताप, तसाच डाग. त्यानं तीनदा एक म्हटलं, तो थांबला, आणि आतून कुणीतरी सावकाश म्हणालं, "दोन."

आवाज ऑपरेटरचा नव्हता. तो मातीखालून आल्यासारखा जड होता, आणि मुकादमाच्या छातीत ऐकलेलाही हाच होता, हे तिला तेव्हा कळलं.

तिनं थोरल्या सिस्टरना बोलावलं. त्यांची अख्खी हयात या वॉर्डात गेली होती. त्यांनी नळ्या कानात घातल्या, ऐकलं, नळ्या काढून ताईच्या हातात दिल्या आणि बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले, अगदी कोपरापर्यंत.

"सिस्टर, काय ऐकलंत?"

"वय झालं माझं," त्या म्हणाल्या. "मला काहीही ऐकू येतं."

त्याच दिवशी मुकादमाचा ताप उतरला. तो उठून बसला, त्यानं खायला मागितलं, आणि त्याची छाती कोऱ्या पाटीसारखी स्वच्छ वाजत होती. गोळ्यांनी गुण दिला, असं ताई स्वतःला म्हणाली. मग मिस्त्री भरती झाला, त्याच्या छातीत "तीन" आलं, आणि ऑपरेटर आपल्या पायांनी चालत घरी गेला.

आता ताईची पाचावर धारण बसली. ती बुद्धीनं चालणारी बाई होती, आणि अशा गोष्टी सांगणाऱ्यांना ती हसायची. पण रोज सकाळी पोपट तोंड धुताना खोकतो का, हे ती दाराआड उभी राहून ऐकू लागली.

एका सकाळी तो खोकला.

पोपटचा डाग डावीकडं होता. मिस्त्री बरा होऊन गेला आणि पोपट खाटेला खिळला. गोळ्या झाल्या, शिरेतून औषध झालं, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांना फोन झाले. ते म्हणाले, तुमचं बरोबर चाललंय, धीर धरा. ताई धीर धरून होती आणि भाऊ डोळ्यांदेखत विझत होता. सगळ्यात वाईट म्हणजे तो बोलेनासा झाला होता. ताईला तेच सोसवेना. रिकाम्या स्टोअररूममध्ये जाऊन ती तोंडात पदर कोंबून रडली.

त्या दुपारी वॉर्डात ऊन पांढरं पडलं होतं. पंख्याखाली चादरींची टोकं हलत होती. पोपटच्या नाकाला ऑक्सिजन होता. ताईनं स्टेथोस्कोप लावला. त्याला एक म्हणायला सांगायची गरज उरली नव्हती.

"चार," आत कुणीतरी म्हणालं.

आणि थांबलं.

ताई ऐकत राहिली. शांततेत कुणीतरी कडेला उभं राहून वाट बघतंय असं तिला वाटलं. मुकादमानंतर ऑपरेटर होता, ऑपरेटरनंतर मिस्त्री. पोपटच्या पुढं कुणीच नव्हतं.

"चार," पुन्हा आलं. या वेळी जरा मोठ्यानं.

तिनं नळ्या काढल्या. त्याच्या लहानपणी त्याला ताप आला की टेकवायची तसा तिनं आपला कान त्याच्या छातीवर टेकवला.

"पाच," ती म्हणाली.

संध्याकाळी पोपटनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "इथलं जेवण माणसांसाठी असतं का गं?" ताई हसली, रडली, आणि मग खोकली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. आपला एक्स-रे तिनं आपणच काढला. सुपारीएवढा गोल डाग होता. ती घाबरली नाही, खरं तर तिला बरंच वाटलं. आता आपण कुणाला छाती ऐकू द्यायची नाही, म्हणजे हे आपल्यापाशीच संपेल, एवढं तिनं ठरवून टाकलं. थोरल्या सिस्टरनी एकदा तिच्याकडं रोखून पाहिलं आणि त्या बेसिनकडं वळल्या.

पोपट बाळसं धरू लागला. ताईला जिना चढवेना.

सुटीच्या दिवशी ती बाल्कनीतल्या खुर्चीत, पुढच्या कठड्यावर मान टाकून झोपली होती. पोपट आतून आला. तिच्या बॅगेतला स्टेथोस्कोप त्यानं कानात घातला होता आणि चेहरा डॉक्टरासारखा गंभीर केला होता.

"हलू नका, बाई. म्हणा, एक, एक, एक."

पाठीला गार चकती टेकली तशी ताई दचकून जागी झाली. तिनं ओठ घट्ट मिटले. त्याला ढकलायला हात उचलला, पण हातात जीव नव्हता.

"म्हण ना गं."

तिनं मान हलवली. तोंड उघडलं तर आकडाच निसटेल, अशी तिला भीती वाटत होती.

पोपट ऐकत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली, मग ती गेली, आणि लहानपणी जिन्यात तिचं बोट धरून चढताना हसायचा तसा तो हसला.

"सहा!" तो म्हणाला.

ताईनं किंचाळायला तोंड उघडलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला पहिल्यांदा छातीभर, मोकळा श्वास आला.