शिशाचा बर्फ

इथे आखातात, मंगफच्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढते. "श्वास घ्या, रोखा, सोडा," एवढ्या तीन सूचनांवर माझं घर चालतं. माणसांचे चेहरे मी विसरते, हाडं विसरत नाही. माझ्या नवऱ्याच्या, विश्वासच्या, डाव्या कॉलरबोनमध्ये स्टीलची पट्टी आहे. सहा स्क्रू, त्यातला तिसरा किंचित तिरका. तो काम करतो त्या, इथल्याच अर्दियातल्या झहूरभाईंच्या फ्रेमच्या कारखान्यात तो शिडीवरून पडला होता. तो एक्स-रेही मीच काढला होता.

सांगलीत विश्वास शाळेत चित्रकला शिकवायचा. लहानपणी तिथे रशियन पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं आणि किंमत अगदीच किरकोळ. तिथून त्याला रशियन चित्रांचं जे वेड लागलं ते लागलंच. माझ्या नोकरीमागे तो इथे आला आणि लोकांच्या लग्नाचे फोटो काचेत बसवू लागला. कधी तक्रार केली नाही. भांडला असता तर परवडलं असतं. बाहेर धुळीचं वादळ, एसी घरघरतोय आणि हा पोळी मोडता मोडता मला सावरासोवच्या चित्रातला मळका बर्फ समजावून सांगणार. त्या बर्फाचा मला सवतीसारखा राग यायचा.

"लेव्हितानच्या चित्रात माणूस नसतो गं," तो म्हणायचा. "पण नुकताच कुणीतरी तिथून गेलेला असतो."

"भाजी गार होतेय," मी म्हणायचे.

यंदा मे महिन्यात एका व्यापाऱ्याने एगैलाच्या मॉलमध्ये जुन्या रशियन चित्रकारांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. शिश्किनची जंगलं, कुइंजीचं चांदणं, बहुतेक सगळ्या कॅनव्हासवरच्या छापील प्रती. फ्रेमचं काम झहूरभाईंना मिळालं आणि विश्वासच्या अंगात वारं शिरलं. त्यात एकच चित्र खरं होतं, जुनं तैलचित्र. बर्फाचं माळरान, बर्चची झाडं, मधून गेलेली वाट. माणूस नाही, सही नाही. रंगाखाली दुसरं काही आहे का, ते मालकाला बघून हवं होतं.

शुक्रवारी दुपारी दवाखाना बंद असतो. डॉक्टरांना फोनवर विचारून मी दार उघडलं. विश्वास आणि झहूरभाईंनी चित्र आत आणलं.

"वहिनी, जरा संभाळून हां," झहूरभाई म्हणाले. "खरवडलं तर माझं रत्नागिरीचं घर विकाय लागंल."

जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, त्यामुळे बर्फ पडद्यावर पांढराशुभ्र येणार हे मला ठाऊक होतं. तसाच आला. पण वाटेवर कुणीतरी उभं होतं. पाठमोरं.

"माणूस सापडला!" झहूरभाई खूश झाले. मालकाला कळवायला ते फोन घेऊन बाहेर गेले.

चित्रकाराने माणूस काढला असेल, मग बेत बदलून त्यावर बर्फ सारवला असेल. असं होतं म्हणे. मी चित्र मोठं करून बघितलं. त्या माणसाला बरगड्या होत्या.

रंगाला बरगड्या नसतात. एक्स-रेच्या कॅसेटवर आधीच्या कुणा पेशंटचं काही राहिलं असेल म्हणून मी ती पुसली आणि पुन्हा एक्स-रे घेतला. माणूस तिथेच होता. तिथेच नाही, वाटेवर थोडा पुढे गेलेला. डाव्या खांद्याशी पट्टी. सहा स्क्रू.

तिसरा तिरका.

काचेपलीकडे विश्वास चित्रासमोर उभा होता. थंडी वाजावी तसे हात चोळत होता.

"काय दिसतंय, रसिका?"

"काही नाही."

"कुणी आहे का तिथे?"

मी दोन्ही एक्स-रे पुसून टाकले. "जेवायला उशीर होतोय," मी म्हणाले.

त्याने चित्रावर कापड ओढलं. मग म्हणाला, "बरं."

दोन दिवसांनी झहूरभाईंचा फोन आला. "वहिनी, विश्वासभाईंची तब्येत बरी हाय ना? कामात एकदम फास्ट झालेत. पण काल हॉलवर मी विचारलं, शिश्किन कुठल्या भिंतीवर घ्यायचा? तर म्हणतात, कोण शिश्किन?"

घरीही तेच. तो वेळेवर जेवतो, क्रिकेट बघतो, पुण्यात फ्लॅट घेऊ म्हणतो. भिंतीवरची पुस्तकातली चित्रं त्याने स्वतः काढून कचऱ्यात टाकली. इतकी वर्षं मी जे जे मागत होते ते सगळं मला मिळालं. आणि मला आता कुणीतरी पोळी मोडता मोडता मळक्या बर्फाबद्दल बोलायला हवं आहे. मला माझा नवरा परत हवा आहे. प्रदर्शन संपलं, चित्र मालकाने परदेशात कुठे पाठवलं ते झहूरभाईंनाही ठाऊक नाही.

काल मी त्याला दवाखान्यात नेलं. पट्टी एकदा तपासू, म्हटलं. तो हसत तयार झाला. शर्ट काढला. कातडीवर टाक्यांची जुनी खूण होती.

"श्वास घे. रोख."

पडद्यावर डावा कॉलरबोन आला. सरळ, गुळगुळीत. पट्टी नाही, स्क्रू नाहीत, कधी मोडल्याची साधी रेघही नाही.

मी खुर्चीत बसले. रडले. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर पेशंट दारावर थापा मारू लागले तेव्हा भानावर आले आणि आठवलं की मी त्याला "सोड" म्हणायचं विसरले होते.

मान वर केली. काचेपलीकडे तो तसाच उभा होता, छाती फुगवून, हसऱ्या चेहऱ्याने, मी सांगायची वाट बघत.