दुसऱ्या खुर्चीकडून

पटो न पटो, ही घटना आमच्याच घरात घडलेली आहे. रात्रीची नाही. भर दुपारची, दिवे चालू असलेल्या दुकानातली.

माझे बाबा आणि काका, दोघे सख्खे भाऊ. केस कापायचं एकच दुकान, दोन खुर्च्या. बाबा बोलघेवडे, काका मुखदुर्बळ.

एका सकाळी काका उठले ते बहिरे होऊनच. ना ताप, ना मार. औषधपाणी झालं, पण कान परत आले नाहीत.

काका आरशात गिऱ्हाइकांचे ओठ वाचून काम रेटू लागले. बाबा चेष्टा करायचे, "बरं झालं. आता माझं गाणं तरी सहन होईल तुला."

पण कानात ऐकायचं यंत्र बसवायच्या, कॉक्लिअर इम्प्लांटच्या ऑपरेशनसाठी हात धुऊन मागे लागले तेही बाबाच. ऑपरेशन झालं. जखम भरली की मशीन सुरू करायचं होतं.

त्याआधीच ते घडलं...

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका पाठमोरे, कात्र्या पुसत होते. वळले, तेव्हा बाबा खुर्चीतून घसरून खाली पडलेले. हात काकांच्या दिशेने.

सगळं संपलं होतं.

बाबांनी हाक मारली असेल का, हे घरात कुणीच विचारलं नाही. काका मात्र त्यावरच रात्रंदिवस कुढत राहिले.

मशीन सुरू झालं. सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे. ओठ पाहिल्याशिवाय शब्द लागेना. आवाज कुठून येतो, तेही कळेना.

आणि मग एका दुपारी, रिकाम्या दुकानात...

कुणीतरी काहीतरी बोललं.

हा आवाज कुठून आला, ते मात्र काकांना नेमकं कळलं.

दुसऱ्या खुर्चीकडून.

त्यांनी आरशात पाहिलं. खुर्ची रिकामी.

वाचायला ओठच नव्हते.

काकांनी कानामागचं मशीन काढून खिशात टाकलं. सगळं शांत झालं...

आणि त्या शांततेत पुन्हा तोच आवाज.

त्या दिवसापासून काका रोज माझ्यासमोर बसू लागले. मी तोंडावर हात धरून शब्द म्हणायचे, त्यांनी ओळखायचे. चुकले की स्वतःवरच चिडायचे. "अजून एकदा म्हण, बाळा." एवढी घाई कशाची, मला उमगत नव्हतं.

एकदा मी "पाणी" म्हटलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं, काका?"

काका हळूच म्हणाले, "पाणी मागतोय गं तो."

"कोण?"

"दादा."

तेव्हापासून त्या खुर्चीसमोर पाण्याचा ग्लास असतो. संध्याकाळी तो तसाच भरलेला. आवाज थांबलेला नाही.

काकू म्हणाली, "विकून टाका ते दुकान. दुसरीकडे मांडू."

"आणि तो पाणी मागेल तेव्हा तिथे कोण असेल?"



परवा मी मुद्दाम दुपारची गेले. खुर्चीमागे उभी राहिले. अचानक काकांचे हात थबकले... त्यांनी ग्लासातलं पाणी ओतलं, ताजं भरून ठेवलं.

माझे कान धडधाकट आहेत. मी श्वास रोखून ऐकत होते.

"बाबा," मी म्हटलं.

फक्त पंखा फिरत होता.

काका मात्र खुर्चीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. डोळे भरून आले त्यांचे.

"काय म्हणाले बाबा?"

माझा प्रश्न त्यांना नीट ऐकू गेला होता.

अजून त्यांनी सांगितलेलं नाही.