आधी वाइनरी, मग नरसिंहपूर

इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या मशीनला चिकटून, सहली आखून देणाऱ्या निकिताचं टेबल होतं. टेबलावर एक कागद आणि कागदावर पुण्याच्या पाहुण्यांची दोन दिवसांची सहल. डिसेंबर अर्धा सरला तरी थंडीचा पत्ता नव्हता. आठवडाभर आभाळ नुसतं कोंदलेलं, ना पाऊस ना ऊन. द्राक्षवाले बागायतदार मान वर करून बघायचे, आणि न बोलता फवारणीच्या औषधाचे डबे घेऊन गावाकडं निघून जायचे.

"दोन दिवसांत सहा ठिकाणं? माणसं फिरवताय का मेंढरं?"

निकितानं दचकून वर पाहिलं. झेरॉक्सचे कागद हातात धरून एक उंच, सावळा मुलगा तिचा कागद वाचत होता. समोरून, म्हणजे उलटा... आणि भलताच सराईतपणे!

"तुमची झेरॉक्स झाली असेल तर निघा," ती म्हणाली.

"निघतो की. पण वाइनरीपुढं वीस मिनिटं लिहिलीत तुमी..." तो गालात हसला. "वीस मिनिटांत आमचे ग्लाससुद्धा धुऊन होत न्हाईत."

"आमचे?"

"तिथंच कामाला हाय. बारामतीच्या पुढं, माळावर. मी ऋषिराज, गाव कऱ्हाटी. पाहुण्यांना बाग दाखवायची, टाक्या दाखवायच्या, चव कशी घ्यायची ते सांगायचं."

निकिताची नजर त्याच्या गळ्याकडं गेली. गळा मोकळा. तिचा हात मात्र नकळत स्वतःच्या तुळशीच्या माळेवर गेला.

"म्हणजे दिवसभर पिता?"

"चव घेतो. मग थुंकतो."

"शी!"

"शी काय त्यात? पाहुणे पितात, मी थुंकतो. आख्ख्या माळावर शुद्धीत मी एकटाच!"

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली. आणि तिथंच सगळं बिघडलं म्हणायचं... की घडलं?

निकिता ही निरवांगीच्या जोतीरामबुवांची एकुलती एक लेक. बुवा सकाळी दोडक्याच्या मांडवात आणि संध्याकाळी कीर्तनात. आई लवकर गेली. तेव्हापासून ही पोर टाळकऱ्यांच्या मांडीवर झोपून, मृदंगाच्या नादात वाढली. बुवांचा आवाज वरच्या पट्टीला लागला की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि दारूवर बोलायला लागले की पोरं खाली माना घालायची. किती गळ्यांत त्यांनी माळ घातली, किती संसार सावरले, त्याला गणती नाही. अशा घरात वाइनरीतला जावई! विचारसुद्धा मोठ्यानं करायची सोय नव्हती.

पण सहल तर आखायची होती. कुठून कुठं किती वेळ लागतो, हे बसल्या जागी कसं कळणार? ऋषिराजची सुट्टी मंगळवारी. चार मंगळवार दोघांनी मोटरसायकलवर वाट मोजली. बारामतीत कऱ्हेकाठची जुनी देवळं पाहिली, इंदापुरात मालोजीराजांची गढी. भिगवणला पाण्यावर करडं धुकं पसरलेलं; पाखरं असावीत, पण दिसत नव्हती.

"फ्लेमिंगो लिहू का नको?" तिनं विचारलं.

"लिहा — दिसले तर दिसले."

"पाहुणे भांडतील ना!"

"मग लिहा, 'धुकं बघायला मिळेल'." आणि जरा थांबून, तिच्याकडं न बघता, "मला तर तेवढंच पुरलं आज..."

तिनं वहीत वेळ लिहिली. अक्षर जरा वाकडं आलं.

वाइनरीच्या बागेतही तो तिला घेऊन गेला. वेलींवर हिरवे, टणक घड. त्यानं एका पानाची मागची बाजू उलटून दाखवली. पांढुरकी बुरशी धरली होती. "आभाळ असंच राहिलं तर निम्मा माल जाईल," तो हळू म्हणाला. असं बोलताना त्याचा चेहरा तिच्या अप्पांसारखा दिसायचा, दोडक्यावर रोग पडल्यावर दिसतो तसा. तिला वाटलं, हे अप्पांनी एकदा पाहावं. नुसतं एकदा.

चौथ्या मंगळवारी घरी गेली, तर अप्पा ओसरीवर उपरण्याची घडी घालत बसलेले.

"निके, अकलूजकडचं स्थळ हाय. माळकरी घर. पुढच्या आठवड्यात बघाया येत्यात."

ती चुलीपुढं जाऊन बसली आणि भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी तिनं सहलीचा क्रम उलटा केला.

एरवी रीत ठरलेली. आधी देवदर्शन, मग बाकीची मौज. कागदावरही तसंच होतं: रविवारी सकाळी नीरा नरसिंहपूर, संगमावरचं देऊळ, दुपारनंतर वाइनरी. पण त्याच रविवारी संध्याकाळी नरसिंहपूरला अप्पांचं कीर्तन होतं. आणि ऋषिराजला रविवारी दुपारचे दोन वाजल्याशिवाय सुट्टी मिळायची नाही. तिनं खाडाखोड केली: सकाळी वाइनरी, संध्याकाळी नरसिंहपूर. पाहुण्यांबरोबर तोही गाडीत बसेल. कीर्तनात मांडी घालून, मान खाली घालून बसेल. अप्पा त्याला तसा बघतील. मग ती ओळख करून देईल, आणि तो कुठं कामाला आहे हे सावकाश, नंतर...

"रसाचा कारखाना म्हणूया का आधी?" तिनं फोनवर विचारलं.

"न्हाय निकिता. खोटं सांगून मी तुझ्या अप्पांच्या पाया पडणार न्हाय. विचारलं तर खरं सांगीन."

सगळा विचार केला तिनं. एवढाच केला नाही की, वाइनरीतून निघालेले अकरा पाहुणे कीर्तनात जाऊन बसतील तेव्हा त्यांच्या तोंडाला वास येईल. माळकऱ्याच्या लेकीला हे सुचू नये! पण मन एकीकडं लागलं की असंच होतं.

रविवारी आभाळ आणखी खाली आलं. गाडी नरसिंहपूरला पोचली तेव्हा पाचच वाजले होते, तरी दिवे लावावे लागले होते. मंडपात टाळांचा गजर चालू होता. पाहुणे खुशीत होते; कुणी वावगं वागलं नाही, पण मागच्या रांगेतल्या बायका एकेक करून सरकायला लागल्या. ऋषिराज खांबाशी बसला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिनं मान वळवली.

अप्पा प्रल्हादाची कथा सांगत होते. "बाप इचारतोय, तुझा देव कुठं हाय? लेकरू काय म्हणतं? बापाला बरं वाटंल ते बोलत न्हाय. खरं हाय ते बोलतं! आन् माझ्या मायबापांनो, बापापुढं खरं बोलायला, खांब फुटायच्या आधीची छाती लागती..." मृदंगावर थाप पडली. निकिताला मात्र ते शब्द कुणीतरी कानात येऊन बोलल्यासारखे झाले.

आरती झाली. लोक बुवांच्या पाया पडायला रांगेनं आले. कुणी नारळ देई, कुणी केळी. बुवांची रीत अशी की जे येईल ते कपाळाला लावायचं आणि मग बाजूला ठेवायचं. देणाऱ्याचा भाव देवाला पोचवायचा. रांगेत पाहुण्यांतले विजयसिंहही होते. निवृत्त इंजिनिअर, भला माणूस. कीर्तन ऐकून त्यांचे डोळे भरून आले होते. जवळ दुसरं काही नव्हतं. सकाळी घेतलेली कागदी पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी बुवांपुढं धरली.

बुवांनी ती कपाळाला लावली.

पिशवीतून मान वर काढलेलं बाटलीचं बूच आख्ख्या मंडपानं पाहिलं. एका टाळकऱ्याचा टाळ हातातच राहिला. कुणीतरी फिसकन हसलं. मग एक म्हातारी, लीलाबाई, तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया! बुवांच्या कपाळाला दारू!"

"कुणी आणली ही माणसं हितं?" मंडपाची व्यवस्था बघणारे नागेशराव ओरडले.

खांबापासून ऋषिराज उठला. "मी. वाइनरीत मीच कामाला हाय. पाहुण्यांचा दोष न्हाय, क्रम मी लावला."

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. नीट, खालपासून वरपर्यंत. पण आवाजात राग नव्हता. "शिकलेला दिसतोस, पोरा. एवढं कळू नये?"

त्यानं मान खाली घातली. निकिताला वाटलं, आपण आता गप्प बसलो तर सगळं निभावेल. अप्पांना काही कळणार नाही, सहलीचं काम टिकेल, अकलूजचे पाहुणे येतील. आणि हा मुलगा असाच मान खाली घालून तिच्या आयुष्यातून चालता होईल.

"क्रम मी लावला, अप्पा."

आवाज तिचाच होता, पण तिला परका वाटला.

"देवदर्शन आधी असतं, मला ठाऊक होतं. पण ह्याला दोनच्या आत सुट्टी मिळत नाही... आणि मला हा इथं हवा होता. तुमच्यापुढं बसलेला. तुम्ही ह्याला एकदा बघावं म्हणून मी देवाचा क्रम मागं ढकलला."

मंडपात समईची वात तेवढी तडतडली.

बुवांनी बाटलीची पिशवी उचलली आणि दोन्ही हातांनीच विजयसिंहांना परत दिली. "पावणं, तुमचा भाव पोचला. वस्तू तेवढी माघारी घ्या." आणि उपरणं सावरत ते घाटाच्या पायऱ्या उतरून गेले.

दोघं मागोमाग गेली. खाली नीरा आणि भीमा एक होत होत्या. त्या अंधारून आलेल्या उजेडात कुठलं पाणी कुठलं, कळत नव्हतं. बुवा शेवटच्या पायरीवर बसून ओंजळीनं कपाळ धूत होते. एकदा, दोनदा, तीनदा. निकिताला ते बघवेना.

"बुवा," ऋषिराज म्हणाला, "मी नोकरी सोडतो. उद्याच्या उद्या. तुमच्या हातनं माळ घाला."

"न्हाय," बुवा म्हणाले. "माळ कुणाच्या भ्यानं घालत न्हाईत, लेका. पोरगी मिळावी म्हणून तर न्हाईच न्हाई. ती देवाची हाय. तुला कधी वाटलं तर ये... तवा मी बापासारखा घालीन. आज न्हाय."

"मग अप्पा..." निकिता एक पायरी खाली उतरली.

ओलं कपाळ बुवांनी पुसलं नाही.

"अकलूजकरांना मी सांगतो, येऊ नका म्हणून. चारचौघांत तू त्याचं नाव घेतलंस, आता दुसरीकडं द्यायची म्हंजी त्या माणसांना फशीवणं झालं. लगीन लावून दीन. मांडवात उभा ऱ्हाईन, अक्षता टाकीन." त्यांनी श्वास घेतला. "पर निके, ज्या घरात दारूच्या पैशाची भाकर भाजती, त्या घरचं पाणी मला चालायचं न्हाय. तुला बघितल्याबिगर तर ऱ्हावणार न्हाय... येईन. भाईर ओट्यावर बसीन. पाण्याचा तांब्या माझा मी आणीन. तू आतनं काही आणू नकोस... न्हाय म्हणताना माझा जीव जाईल."

ते उठले. जाता जाता त्यांनी ऋषिराजच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि पायऱ्या चढून वर गेले. वर आधीच कुणीतरी पाहुण्यांना प्रसाद वाटायला सुरुवात केली होती.

संगमावरून गार वारा सुटला. चार आठवडे ज्याची सगळा मुलूख वाट बघत होता ती थंडी एकदाची येत होती. पण दोघांपैकी कुणीच तसं बोललं नाही.

"निकिता," ऋषिराज म्हणाला, "अजून न्हाय म्हणालीस तरी चालंल. खरंच. बापाला असं दाराबाहेर... मी तुला दोष देणार न्हाय."

ती रडत होती, पण आवाज न करता. तिच्या डोळ्यांपुढं एक घर आलं. कऱ्हाटीला, नदीच्या अंगाला. बाहेर अप्पा, मांडीशी तांब्या. आत ती, हातात पाण्याचा पेला, आणि मधे उंबरा. तो पेला तिनं मनातल्या मनात खाली ठेवून पाहिला. फार जड गेलं.

"तुला घर बांधायचंय ना कधीतरी?" तिनं विचारलं.

"हं..."

"आत कसंही बांध. दोन खोल्या का होईनात." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याचा हात पहिल्यांदा, स्वतःहून, हातात घेतला. "ओटा तेवढा मोठा बांध. अप्पा आले की मी बाहेरच बसणार आहे. त्यांच्या तांब्यातलं पाणी पीत."