तासाभराची कमेंट

डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला ती औषधाच्या दुकानात शिरली, तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता आणि तिच्या डोक्यात जाळ. घरचे तिला ठिणगी म्हणत ते काही उगाच नाही. तलावावर बायकांना पोहायला शिकवणं हे तिचं काम. पाण्यातल्या औषधानं तिचे डोळे नेहमीच लाल असत, आज ते रागानंही लाल झाले होते.

"थेंब द्या. जळजळ कमी करणारे."

"डोळ्यांची ना?" काउंटरपलीकडच्या तरुण औषधवाल्यानं विचारलं.

"डोळ्यांचीच. बाकीच्या जळजळीवर तुमच्याकडे काही नसेल."

"काय झालंय ते कळलं, तर बघतो…"

झालं. एवढं निमित्त तिला पुरलं.

"आपल्या वस्तीची 'शेजार' नावाची वेबसाइट आहे, माहितेय? तलाव समितीनं तिथं मतं मागवलीत, सकाळचा बायकांचा तास बंद करायचा का म्हणून. एक गृहस्थ लिहितात, त्या तासाला कुणी फिरकत नाही. कुणी फिरकत नाही म्हणे. अहो, मला पाण्यात उभं राहायला जागा नसते. आणि हे महाशय त्या वेळी अंथरुणात घोरत असतात, यांना कुठून दिसलं? मी रोज कमेंट लिहितेय, 'पाठवा' दाबलं की गायब. ना चूक दाखवत, ना काही. जणू मी लिहिलंच नव्हतं."

"ब्राउझर बदलून पाहिलात?"

"सगळं करून झालं. दुसरा ब्राउझर झाला, फोन झाला. तिथं 'अडचण आल्यास' म्हणून एक पान आहे. त्यात लिहिलंय, कुकीज पुसा. पुसल्या. त्यांच्याबरोबर माझे सगळे पासवर्डही गेले. बहिणीचा नवरा म्हणाला, जाहिराती अडवणारं ते काहीतरी बंद करून बघ. केलं. आता दिवसभर गाद्यांच्या जाहिराती बघतेय आणि कमेंट अजून गायबच." ती दम घ्यायला थांबली. वेणीच्या टोकातून अजून पाणी ठिबकत होतं. "मला कळत नाही असं नाही. ती वेबसाइट चालवणारा जो कोण आहे ना, तो त्या गृहस्थांच्या बाजूचा. माझं लिहिलेलं मुद्दाम उडवतो. एकदा समोर येऊ दे, असा धुऊन काढते…"

कोपऱ्यातल्या स्टुलावर औषधवाल्याची आत्या गोळ्यांच्या पट्ट्या लावत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "काढ गं बाई. समोरच उभा आहे."

औषधवाल्याच्या हातातली थेंबांची बाटली तशीच राहिली.

"ती वेबसाइट… मीच चालवतो. दुकान सांभाळून."

दुसरी कुणी असती तर लाजेनं चूर झाली असती. ठिणगी काउंटरवर दोन्ही कोपर टेकून उभी राहिली. "बरं झालं. माझा हेलपाटा वाचला. बोला, का उडवता?"

"उडवत नाही हो. शप्पथ." त्यानं मागच्या टेबलावरचा कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. "हे चाचणीचं पान आहे. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. इथं तुमच्या नावानं आत या आणि काहीही लिहा."

तिनं 'खोटारडे' असं लिहून पाठवलं. क्षणात ते खाली उमटलं.

"गेलं की," तो म्हणाला. आपल्याला काय म्हटलंय याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. "म्हणजे नाव ठीक, पासवर्ड ठीक. मग… तुम्हाला कमेंट लिहायला किती वेळ लागतो?"

"तासभर."

"तासभर?"

"मुद्देसूद रागवायचं तर वेळ लागतो."

त्यानं कपाळाला हात लावला. "अर्धा तास नवीन पान उघडलं नाही, तर वेबसाइट माणसाला आपोआप बाहेर काढते. तुम्ही टाइप करत असता, पण तिला वाटतं, तुम्ही उठून गेलात. नंतर 'पाठवा' दाबलं की ती कमेंट घेत नाही… आणि तसं सांगतही नाही. ते सगळं मीच तसं ठेवलंय. बाकीचे लोक 'सहमत' एवढं लिहून मोकळे होतात, म्हणून कधी लक्षात आलं नाही. चूक तुमची नाही. माझी आहे."

ठिणगी वैतागली. ज्याच्याशी भांडायला उभं राहावं, त्यानं पहिल्याच फटक्याला चूक कबूल करायची म्हणजे काय? हा तर सरळसरळ अन्याय होता. त्यातून तो हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती, हे तिला उगाचच दिसलं आणि त्याचाही तिला राग आला.

"मतं घ्यायची मुदत आज सातला संपते," ती म्हणाली. "आत्ता पावणेसात झालेत. चूक तुमची आहे ना, मग मुदत वाढवा."

"नाही वाढवता येणार."

"कळ तुमच्याच हातात आहे की."

"म्हणूनच. आज तुमच्यासाठी वाढवली, तर उद्या त्या गृहस्थांना नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

"वा. म्हणजे तुमच्या चुकीपायी तास माझ्या बायकांचा जाणार."

"जाणार नाही. आत्ता लिहा, इथं बसून."

"एवढ्यात माझा निम्मा रागसुद्धा मावणार नाही."

"मग राग राहू दे," तो हळूच म्हणाला. "तास बंद झाला तर कुणाचं काय जाईल, तेवढंच सांगा."

ती बसली. बोटं कळांवर तशीच थांबली.

"माझी आई…" ती पडद्याकडे बघत म्हणाली. "जन्मभर पाण्याला घाबरली. नदी दिसली तरी माझा हात घट्ट धरायची. परवा पहिल्यांदा पाठीवर तरंगली. मी हळूच हात काढून घेतला, तिला कळलंसुद्धा नाही. कळल्यावर इतकी हसली, की नाकातोंडात पाणी गेलं. पुरुष असतात तेव्हा ती पाण्यात उतरणार नाही हो. तिला दुसरा तास नाही."

"हेच," तो म्हणाला. "आत्ता बोललात ना, हेच लिहा."

तिनं तेवढंच लिहिलं आणि 'पाठवा' दाबलं. दोघंही पडद्यावर वाकले. त्याच्या बाहीला औषधांचा वास होता. कमेंट उमटली… आणि तिनं लगेच फोनवरून आपल्या बायकांना कळवलं. सात वाजायच्या आत त्या कमेंटखाली तलावावरच्या बायका एकेक करून उतरल्या. कुणाची गुडघेदुखी, कुणाची सासू, कुणाची पहिली उडी. कुणी फिरकत नाही म्हणणाऱ्या गृहस्थांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

तास वाचला. समितीनं तसं जाहीर केलं त्या दिवशी ठिणगी थेंब घ्यायला गेली. त्या आठवड्यात पुन्हा गेली. "एवढे थेंब?" आत्या म्हणाली. "डोळे आहेत की विहिरी?"

चाचणीचं पान मात्र तिच्या नावानं अजूनही उघडत होतं. एका दुपारी त्यावर तिला त्याचं लिहिलेलं दिसलं. 'बाहेर काढायची ती वेळ मी काढून टाकलीय. तुम्ही रागावून लिहीत असताना मध्येच दार लावणं बरं दिसत नाही.' आणि त्याच्याखाली, बरीच जागा सोडून… 'रविवारी माझ्याबरोबर फिरायला याल?'

तिला आधी हसू आलं आणि पाठोपाठ संताप. हे असं विचारतात? तिनं लिहायला घेतलं. चांगला तासभर लिहिलं. थेंब देताना नजर चुकवणारे लोक, खळ्या दाखवून गप्प बसणारे लोक, आणि समोर उभी असते तेव्हा यांच्या जिभेला काय होतं. वेबसाइटनं तिला बाहेर काढलं नाही. तिनं लिहिलेलं सगळं पुसलं, ओल्या वेणीनिशी उठली आणि थेट दुकानात गेली.

एक आजोबा खोकल्याचं औषध मागत होते. ती त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"विचारा आता. तोंडानं."

त्याचे कान लाल झाले. आत्यानं हातातली पट्टी खाली ठेवली.

"रविवारी… माझ्याबरोबर फिरायला याल?"

तासाभराचं भाषण तयार होतं, मुद्देसूद. त्यातला एकही शब्द तिच्या ओठांवर येईना. मग एकच आला.

"येईन."

आजोबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "ठरलं ना?" ते खोकत म्हणाले. "मग माझं औषध द्या."