मुंबईचा पडदा

महाद्वार रोडवरच्या गणपतरावांच्या फोटो स्टुडिओत १९७६ साली नवा पडदा लागला. त्यावर एअर इंडियाची उंच इमारत आणि पुढं समुद्र. निम्म्या कोल्हापुरानं मुंबई पाहिली नव्हती, पण कॅलेंडरवर बघून ही इमारत सगळ्यांना पाठ होती. तिच्यापुढं फोटो काढला की मुंबईला जाऊन आल्यासारखं वाटायचं.

पडदा रंगवला बाबालाल पेंटरनं. सिनेमाची पोस्टरं रंगवून मुरलेला हात, पण ह्या कामात त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचा एकुलता एक मुलगा अमीन रंगकामाला म्हणून मुंबईला गेला, तो दोन वर्षं बेपत्ताच. बाबालालनं तिथल्या पोलीस चौक्या, इस्पितळं पालथी घातली होती.

पहिली तक्रार राधानगरीच्या नवरा-नवरीची आली.

"आमच्या मागं खिडकीत कोण हाय वो?"

गणपतरावांनी फोटोवर भिंग धरलं. अगदी वरच्या मजल्यावर एक माणूस उभा होता. पडद्यावर मात्र कोणीच नव्हतं. त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसली. पुढच्या गिऱ्हाइकाच्या फोटोत तो माणूस एक मजला खाली आला होता.

बाबालालला बोलावलं. त्यानं फोटो उजेडाला धरला.

"माझा अमीन हाय ह्यो."

"अरे, डाग असंल कसला तरी."

"बापाला डाग आन् पोरगा कळत न्हाय व्हय, मालक?"

मग तो रोज यायचा, पडद्यापुढं उभा राहून हात जोडायचा. "काढा की एक." गणपतरावांना नाही म्हणवायचं नाही. प्रत्येक फोटोत अमीन आणखी खाली यायचा. चेहरा मोठा होत गेला. केस ओले, कपाळाला चिकटलेले. तोंड उघडं, हाक मारल्यासारखं.

तळमजल्यावर येऊन तो थांबला. दोन्ही तळवे काचेला टेकलेले.

तेव्हा बाबालालच्या ध्यानात आलं. खाली गिऱ्हाइकं उभी राहणार म्हणून त्यानं इमारतीला दारच काढलं नव्हतं.

त्यानं ब्रश उचलला.

"बाबालाल, नको," गणपतराव म्हणाले.

"लेकरू अडकलंय माझं."

त्यानं दार काढलं. सताड उघडं.

त्यानंतरच्या फोटोत एकाही खिडकीत कोणी नव्हतं. दारातही नव्हतं.

रंगाच्या हातांनीच बाबालाल घराकडं निघाला. भर दुपारचं ऊन, तरी पाठीला गार लागत होतं.

त्याची बायको नजीरा दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि सूप हातातनं सुटलं. ती बाबालालकडं बघत नव्हती.

"अमीन! आधी पाय धू बाळा. किती ही वाळू!"

बाबालालला मागं वळायचं होतं. मान वळेना.

नजीरा हसत, डोळे पुसत तांब्या आणायला उठली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आन् तुझ्यासंगं आलेली ही एवढी ओलीचिंब माणसं कोण रं?"