अर्धा सूर वर

त्या दुपारी मी वहिनीकडे गेलो, तो फक्त पेडल आणायला. दादा गेल्यापासून वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. एरवी त्या घराची पायरीही चढलो नसतो.

पेडल म्हणजे पायाशी ठेवायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून स्पीकरला जाते. पायाने बटण दाबलं की तारांना हात न लावता सगळी पट्टी अर्ध्या सुराने चढते किंवा उतरते. माझ्या मुलीचं त्या दिवशी पहिलं रेकॉर्डिंग होतं आणि नेमका घसा बसलेला. गाणं अर्धा सूर खाली घेतलं असतं तर निभावलं असतं. नवी डबी मिळाली असती म्हणा. पण ती माझी होती, दादाकडे राहिलेली, आणि माझी वस्तू मी त्या घरात का सोडावी?

फोन करून गेलो होतो. वहिनीने दार अर्धंच उघडलं. डबी फडक्यात गुंडाळून तयार होती.

"हीच ना ती?" तिने विचारलं. "मी पहिल्या रांगेत होते, भाऊजी. तुमचा पाय दिसत होता मला."

मी डबीसाठी हात पुढे केला. तुमच्यापासून काय लपवायचं? दादा गायचा, मी वाजवायचो. आम्ही दोघंच, आणि टाळ्या सगळ्या त्याच्या. त्याच्या शेवटच्या कार्यक्रमात दर कडव्याला मी गुपचूप अर्धा सूर चढवत गेलो. गाणारा साथ सोडत नाही. तोही चढत गेला. चौथ्या कडव्याला घशातून रक्त आलं. पुढे मरेपर्यंत तो कुजबुजतच बोलला. मला फक्त त्याची जिरवायची होती. आणि खरं सांगू, त्या दिवशी मला बरंही वाटलं होतं.

"न्या," वहिनी म्हणाली. "ह्यांना पोरीचा आवाज फार आवडायचा."

रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड स्पंज, त्यामुळे स्वतःचा श्वासही मोठा वाटायचा. फडकं सोडलं तसा घशाच्या गोळ्यांचा वास आला. मी डबी अर्धा सूर खाली लावली. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्याला गिटार अर्ध्या सुराने वर गेली. मी पाय काढून घेतला. तिसऱ्याला आणखी वर... आणि मुलगी सोबत चढत होती.

"थांब," मी म्हणालो.

तिने ऐकलं नाही. ती माझ्या पायाशी बघत होती.

मी वायर उपटली. गिटार मुकी झाली. तरी ती गातच राहिली, आणि त्या वायर काढलेल्या डबीचं बटण आपोआप खाली गेलं. टक्... ती अर्धा सूर वर. टक्... आणखी वर. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी बटण धरलं. माझ्या बोटांवर पाय पडला. चांगला दादासारख्या भरल्या अंगाच्या माणसाचा पाय... आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.

गाणं संपलं तेव्हा मुलगी हसत होती. घशातून रक्त नाही, काही नाही. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने "बाबा" अशी हाक मारली, ती अर्धा सूर वर. तिसऱ्या दिवशी अजून अर्धा. माझा कान चुकत नाही. हातोड्याने डबीचा चुरा केला. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. वहिनीचे पाय धरायला गेलो, तिने दार उघडलं नाही. अडीच महिन्यांत पोरीचा आवाज डासाच्या गुणगुणीएवढा बारीक झाला. गेल्या सोमवारपासून तो माझ्या कानापलीकडे गेला, तिचे नुसते ओठ हलतात. एकुलती एक पोर माझी, आणि ती काय सांगतेय ते मला कळत नाही.

तिला मात्र काही झाल्यासारखं वाटत नाही. रोज दुपारी ती फोन घेऊन बसते आणि तासभर ओठ हलवते. मधूनच हसते. काल राहवलं नाही म्हणून मी तिच्या हातातला फोन ओढून कानाला लावला.

पलीकडे वहिनी होती.

"थांबलीस का गं बाळा?" ती म्हणत होती. "बोल ना... हे ऐकतायत."