गुणलंत, आता भागा

"त्या बटणाला हात लावाल तर बघा, मॅडम," सारंग म्हणाला आणि सरळ मध्ये जाऊन उभा राहिला.

केळुसकर मॅडम चंद्रतळाच्या प्रमुख. एरवी त्यांनी हे खपवून घेतलं नसतं. पण सारंगची बहीण कस्तुरी कालच गेली होती. ती आणि गाडी चालवणारा फिलिप दरीत दगड आणायला गेले आणि दरड कोसळली. फिलिपचा निरोप आला, कस्तुरी ढिगाऱ्याखाली आहे, गाडी चेपलीय. मग रेडिओ मुका. नंतर कधीतरी जमिनीत पुरलेल्या तीन नंबरच्या आसऱ्याचं दार उघडलं आणि तिथली तापतार चालू झाली. तापतार म्हणजे भिंतींतून फिरवलेली तांब्याची तार, आसरा गरम ठेवणारी. वीज तळाच्याच बॅटरीतून जायची.

आता त्या तारेतला प्रवाह उतरत होता. नियम असा, की पाच अँपिअरच्या खाली गेला की तार मेली समजायची आणि ते बटण दाबून वीज तोडायची. बॅटरीवर अख्खा तळ जगत होता.

मॅडमनी शांतपणे समजावलं. व्होल्ट तेच, अठ्ठेचाळीस. प्रवाह सहाचा चार पॉइंट आठ झाला. गुणाकार केला की दोनशे अठ्ठ्याऐंशी वॉटचे दोनशे तीस. आसरा विझतोय, फिलिप गेला असणार.

"गुणलंत, आता भागा," सारंग म्हणाला. "व्होल्टला प्रवाहानं. आधी रोध आठ ओहम होता, आता दहा. तांबं तापलं की रोध वाढतो. तार मरत नाहीये, गरम होतीये."

तारेचे पदर तुटले तरी रोध वाढतोच, मॅडम म्हणाल्या. त्यानं पडद्याकडे बोट केलं. पदर तुटला असता तर प्रवाहाची रेघ धाडकन खाली आली असती. ही घसरगुंडीसारखी उतरून आता निवांत पडली होती.

"आणि तो नियम केलात तेव्हा आसरे रिकामे होते. आत माणूस बसवून कुणी बघितलंय?"

कुणीच नव्हतं बघितलं. मॅडम खुर्चीत बसल्या आणि हिशेब करायला लागल्या. आठ ओहमला तार उणे चाळीस अंशांवर होती. दहा ओहम म्हणजे शून्याच्या वर नऊ. रिकाम्या आसऱ्यात ती उणे पंधराच्या वर कधी चढली नव्हती. आता माणूस म्हणजे सव्वाशे वॉटची चालती शेगडी, तेवढ्या खोलीत बारा अंश वाढवणार.

"म्हणजे फिलिप जिवंत आहे," सारंग म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"एका माणसानं उणे तीनच यायला हवं," मॅडम म्हणाल्या.

"मग तुमची आकडेमोड चुकली."

"चुकली नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "अजून बारा मिळव, सारंग."

त्यानं मिळवले. उणे तीन आणि बारा. नऊ. पुन्हा मिळवले, तरी नऊच. आसऱ्यात दोन शेगड्या पेटलेल्या होत्या. त्या गाढवानं तिला हातांनी उपसून काढलं होतं.

सारंग मटकन खाली बसला, हसला, मग डोळे पुसत उठला. मॅडमनी बटणावरचं काचेचं झाकण बंद केलं आणि दुसऱ्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. मघाशी कसं बोललास, असं काहीतरी त्या म्हणत होत्या.

"आल्यावर काय ते रागवा," तो दाराकडे जात म्हणाला. "मी निघतो आता."